डिकी बंद

रात्रपाळी सुटते तेव्हा टोलेडोत
अजून अंधारच असतो, आणि रस्ताभर मीठ.
मिठाने बर्फ वितळतो, तसा पत्राही.
माझी व्हॅलियंट चौऱ्याहत्तरची.
मागच्या चाकांवरचा पत्रा मी दोनदा बदललाय,
स्वतः, भाड्याने आणलेल्या वेल्डिंग मशीनवर.
तिचं इंजिन तीस अंश कललेलं,
शेजारणीची कुजबुज ऐकायला वाकावं तसं.
ॲक्सिलरेटर एकदाच दाबायचा, थांबायचं, मग किल्ली.
दोनदा दाबला तर रुसते.

घरापर्यंत अकरा मैल.
खांबांवरचे कॅमेरे मी मोजलेत, सात.
मागच्या वर्षी दोन होते.
रोज सकाळी माझा नंबर टिपून घेतात,
कुठून आली, किती वाजता.
आईसुद्धा इतकं विचारत नव्हती,
आणि विचारलं तरी विसरायची.

मेहुणा कॅझिमिर म्हणतो,
कर नाही त्याला डर कशाला, बर्नाडीन?
म्हटलं, बरं, दाखव तुझा ग्लोव्ह बॉक्स.
हसला. पण हात आपोआप तिकडे गेला
आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत तिथेच राहिला.

तर गेल्या गुरुवारी, नदीवरचा पूल उतरले
आणि मागे निळे-लाल दिवे.
नंबरप्लेटवरचा बल्ब गेलाय, म्हणाला.
पोरगेलासा. छातीवरच्या पट्टीवर नाव टिंडल.
लायसन्स दिलं. विम्याचा कागद दिला.
मग अगदी सहज, जेवताना लोणचं मागावं तसं,
डिकीत जरा डोकावू का?

डिकीत काय होतं, सांगते.
मिठाची पिशवी, जम्पर केबल,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेला कार्ब्युरेटर,
आणि एक पत्र्याचा डबा. त्यात काय
ते मी या कवितेतही सांगणार नाही.

मी म्हटलं, नाही.

अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
हा शब्द पोरांना दिवसातून शंभरदा म्हटला असेल.
तो इतका जड असतो, माहीत नव्हतं.

त्याने कुत्रा मागवला.
येईपर्यंत थांबा. थांबले.
इंजिन चालू ठेवू का, विचारलं. ठेवा.
आणि त्या पस्तीस मिनिटांत, हीटरचा पंखा बंद करून,
मी पहिल्यांदा नीट ऐकलं,
टिक. टिक. टिक.
एरवी रस्ता हे सगळं झाकून टाकतो.
चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह,
फट वाढलीय केसभर.
माझी मिनिटं कुणीतरी मोजतंय,
एवढ्यानेही बरं वाटलं.

कुत्रा आला. टायर हुंगले, मीठ चाटलं, शिंकला.
कागद परत मिळाले. बल्बबद्दल ताकीद.

जाता जाता टिंडल वळला.
आमच्या आजोबांकडे हीच होती, हिरवी.
हा आवाज... व्हॉल्व्ह ना?
आणि त्याचा स्वतःचा आवाजही आता वेगळाच,
गणवेशाच्या आतला.

मी उतरले आणि बॉनेट उघडलं.
त्याने मागितलं नव्हतं, म्हणून.
त्याने टॉर्च धरला. मी सांगितलं,
हिचे व्हॉल्व्ह गरम असतानाच लावतात,
इंजिन चालू ठेवून, हातावर तेल उडतं,
इनटेकला दहा हजारांश इंच, एक्झॉस्टला वीस.
दोघांच्या तोंडची वाफ एकाच बॉनेटखाली.

माफ केलं, असं नाही.
पस्तीस मिनिटं माझी होती.
आजोबांची हिरवी गाडी ती परत आणून देत नाही.

घरी पोचले, इंजिन तापलेलं होतं तोवरच
फीलर गेज काढला. बाही भाजली.
टिकटिक कमी झाली, गेली नाही.
जाऊही नये, वडील सांगायचे,
पार गप्प झालेला व्हॉल्व्ह
आतून जळत असतो.

मग बल्ब बदलला, तीन डॉलर.
नंबर आता लख्ख दिसतो,
खांबावरच्या सातही जणांना.